ओळखीतला कोणीतरी

पोनास काझलौस्कस घर पसंत करतात ते पाव तासात. बाल्कनीतून समुद्राची निळी चीर दिसली, नळाला गरम पाणी आलं, की मान हलवून मोकळे. दुभाषी मात्र ते शोधतात आपल्याकडे मुलीला स्थळ शोधावं तसा. आधी नात्यात, मग गावात, मग नातेवाइकांच्या गावात, आणि सगळीकडून नन्नाचा पाढा आला की मग बाहेर.

‘पोनास’ म्हणजे श्रीयुत. काझलौस्कस हे लिथुआनियात पैशाला पासरी मिळणारं आडनाव, म्हणून तिकडून आमच्या कचेरीत येणाऱ्या प्रत्येक गृहस्थाला मी मनातल्या मनात तेच लावून टाकलं आहे. फारसं चुकत नाही. वय साठीच्या आसपास. उंची अशी, की आमच्या दाराशी वाकावंच लागतं. बोलणं मोजून मापून. गाव कौनास, नाहीतर पानेव्हेझिस. आणि काखेत एक फाइल.

आमचं गाव तोरेव्हिएखा, स्पेनच्या आलिकान्ते प्रांतातलं. इथे मिठागरं आहेत, गुलाबी पाण्याचं सरोवर आहे आणि उत्तर युरोपातून ऊन खायला आलेली अमाप निवृत्त मंडळी आहेत. मी नोकरी करतो ती खेस्तोरियात. खेस्तोरिया म्हणजे लोकांची सरकारी कागदपत्रं पैसे घेऊन मार्गी लावणारी कचेरी. स्पेनमध्ये हा रीतसर आणि मानाचा धंदा आहे, कारण सरकारी कागद स्वतःच्या हिमतीवर मार्गी लावणारा स्पॅनिश माणूस अजून जन्माला यायचा आहे. पुण्यात शिकलेलं स्पॅनिश आणि सातबारा वाचत वाढलेला जीव, एवढ्या भांडवलावर माझं इथे बरं चाललं आहे. पोनास मला ‘इंडिया’ म्हणतात. आमचं बोलणं मोडक्या इंग्रजीत होतं. मोडतोड दोन्ही बाजूंनी सारखीच असल्यामुळे गैरसमज होत नाहीत.

आता कोणी म्हणेल, घर स्पेनमध्ये, खरेदीखत स्पॅनिशमध्ये, मग लिथुआनियनमधून स्पॅनिश करायचं काय? पोनासही पहिल्या दिवशी हेच म्हणतात. त्यावर मी त्यांना काळ्या पैशाविरुद्धचा २०१० चा कायदा सांगतो. त्या कायद्यान्वये बँक आणि नोटरी दोघेही विचारतात : घर घेताय, आनंद आहे, पण पैसे आणले कुठून? या प्रश्नाने पोनासांचा चेहरा असा काही होतो, की मला दर वेळी उगाचच माफी मागावीशी वाटते. माणसाने हयातभर कारखान्यात नोकरी केलेली असते, सिगारेट सोडून पैसे साठवलेले असतात, सासूबाईंचं खेड्यातलं घर विकलेलं असतं, आणि टाय लावलेला एक पंचविशीतला मुलगा विचारतो, आणले कुठून!

पोनास काही बोलत नाहीत. फाइल उघडतात.

या फाइलबद्दल जरा निवांत सांगितलं पाहिजे. प्रत्येक कागद वेगळ्या प्लास्टिकच्या पिशवीत, वर पेन्सिलीने नंबर, आणि कागद काळानुसार लावलेले. पहिला १९९२ चा. सोव्हिएत राज्य गेल्यावर लोक राहत होते ती सरकारी घरं त्यांनाच विकली गेली, आणि किंमत भरायला सरकारनेच गुंतवणुकीची प्रमाणपत्रं वाटली होती. म्हणजे खरेदीच्या कागदावर किंमत आहे, पण ती कुठल्याही बँकेला ओळखीच्या चलनात भरलेली नाही. त्यानंतरचे कागद लितासमध्ये. १ जानेवारी २०१५ ला युरो आला, तेव्हा एका युरोला ३.४५२८ लितास असा दर ठरला होता. हा आकडा पोनासांना चार दशांश स्थळांपर्यंत तोंडपाठ असतो. बायकोचा वाढदिवस विचारला तर थोडा वेळ लागतो.

मग येतो फाइलमधला हिरा : सासूबाईंच्या सोदिबाचा नोंदणी-उतारा. सोदिबा म्हणजे खेड्यातली वाडी. तिकडच्या नोंदणी केंद्राची शिस्त अशी, की वाडीतल्या इमारतींना ज्याचा त्याचा नंबर. घराला नंबर, गोठ्याला नंबर, वाफेच्या न्हाणीला नंबर. शेवटी किरकोळ बांधकामांत विहीर आणि परसातला संडास. जमीन आरांत. शंभर चौरस मीटरचा एक आर, आपल्या सातबाऱ्यावर असतो तोच. तो उतारा पहिल्यांदा पाहिला तेव्हा मला माहेरचं माणूस भेटल्यासारखं झालं. बँकेतल्या मुलाला तसं काही झालं नाही. त्याने सगळे कागद एका बोटाने माझ्याकडे सरकवले आणि सांगितलं, “अधिकृत अनुवाद आणा. त्रादुक्तोर खुरादोचा.”

त्रादुक्तोर खुरादो म्हणजे परराष्ट्र मंत्रालयाने नेमलेला शपथबद्ध अनुवादक. मंत्रालयाच्या ज्या कार्यालयाकडे हे काम असतं त्याचं मूळ १५२७ सालचं, सम्राट पाचव्या चार्ल्सच्या वेळचं. या अनुवादकाला स्वतःचा शिक्का असतो, त्याच्या सहीला कायद्यात वजन असतं, आणि त्यांची यादी मंत्रालयच प्रसिद्ध करतं. यादीत इंग्रजीची पानंच्या पानं. फ्रेंच, जर्मन तितकेच खात्यापित्या घरचे. लिथुआनियनपाशी आलं की यादी एकदम अंग चोरून घेते.

मी यादी पुढे करतो. पोनास ती न वाचताच घडी करून खिशात ठेवतात आणि म्हणतात, “त्याची गरज पडणार नाही. ओळखीतलं कोणीतरी असेल.”

या वाक्यात त्यांचं सगळं तत्त्वज्ञान आलं. पोनास प्लंबरला मागेल तेवढे पैसे देतात, कारण पाइप डोळ्यांना दिसतो. वकिलाला देतात, कारण वकिलाची भीती वाटते. पण भाषा हे काही काम आहे हे त्यांना पटत नाही. भाषा माणसाला असतेच! ज्याला दोन भाषा आहेत त्याने एकीतलं उचलून दुसरीत ठेवायचं. ठेवायचे पैसे कसले?

ओळखीतली पहिली कोणीतरी म्हणजे भाची. ही भाची प्रत्येक काझलौस्कसला असते आणि ती सहा महिने सालामांकाला शिकून आलेली असते. तिच्या स्पॅनिशबद्दल मला नितांत आदर आहे. तिला स्पॅनिशमध्ये भाड्यावरून भांडता येतं, प्रेमात पडता येतं आणि पडल्यावर बाहेरही येता येतं. पण ‘तहहयात वहिवाटीचा हक्क’ आणि ‘बोजारहित’ हे तिच्या त्या सहा महिन्यांत कुठे आलेले नसतात. ती पहिलं पान करून पाठवते. दुसऱ्या पानाच्या वेळी तिची परीक्षा निघते.

भाचीनंतर मोबाइल. पोनास कागदावर कॅमेरा धरतात आणि पडद्यावर स्पॅनिश उमटतं. दिसायला झकास. एकदा या यंत्राने सासूबाईंच्या सहा आरांचे सहा एकर केले. आर चाळिसेक पटींनी वाढले. बँकेतला तोच मुलगा उठून उभा राहिला, पोनासांना कॉफी विचारली आणि गुंतवणूक विभागाच्या साहेबांना बोलावू का म्हणाला. खुलासा झाल्यावर कॉफी आली, पण साखर स्वतःची स्वतः घ्यावी लागली.

तिसरा मार्ग रशियनचा. हा पोनास दबक्या आवाजात सांगतात. तोरेव्हिएखात रशियन बोलणारे चिक्कार, त्यामुळे रशियनमधून स्पॅनिश करणारे सहज मिळतात आणि स्वस्तही पडतात. पोनासांनी रशियन शाळेत सक्तीने शिकलेलं असतं आणि १९९० पासून ते न बोलण्याचं पथ्य पाळलेलं असतं. दुकानात कोणी रशियनमध्ये दर विचारला, तर हे इंग्रजीत उत्तर देतात आणि इंग्रजी येत नसेल तर गप्प राहतात. पण आधी स्वतःच लिथुआनियनचं रशियन करायचं आणि मग पुढचं त्यांच्याकडून करून घ्यायचं, असा हिशेब एका रात्री कागदावर मांडला जातो आणि बचतीचा आकडा पाहून पथ्य जरा डळमळतं. सकाळी पोनिया काझलौस्किएने, म्हणजे सौभाग्यवती, तो कागद टराटरा फाडतात.

चौथा मार्ग मला सगळ्यात हृद्य वाटतो, कारण त्यात पोनास खरंखुरं पैशाचं पाकीट उघडतात. ते मायदेशी जातात आणि तिथल्या भाषांतर केंद्रातून सगळं स्पॅनिश करून आणतात. लिथुआनियाची पद्धत वेगळी. तिथे अनुवादक चुकीच्या भाषांतराची फौजदारी जबाबदारी मान्य करून सही करतो, आणि त्याची सही खरी असल्याचं नोटरी सांगतो. मूळ कागद आणि भाषांतर एकत्र दोऱ्याने शिवतात, गाठीवर कागद चिकटवतात आणि त्यावर शिक्का. हा शिवलेला गठ्ठा पोनास माझ्या टेबलावर ठेवतात तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर बाळंतपण सुखरूप पार पडल्याचं समाधान असतं. मी गाठ पाहतो, शिक्का पाहतो. इतकी देखणी शिवण मी शिंप्याकडेही पाहिलेली नाही. मग सांगावं लागतं, की या बँकेला खुरादोच हवा. माद्रिदने नेमलेला.

“पण हे बरोबर आहे,” पोनास म्हणतात.

“हो, अगदी बरोबर आहे.”

“मग?”

या ‘मग’चं उत्तर कुठल्याही देशाच्या कुठल्याही कचेरीत मिळत नाही.

एव्हाना इसार दिलेला असतो. स्पेनमध्ये इसाराला आर्रास म्हणतात. साधारण दहा टक्के रक्कम द्यायची, आणि ठरलेल्या तारखेपर्यंत खरेदीखत झालं नाही तर बहुतेक करारांनुसार घेणाऱ्याची ती रक्कम बुडते. विकणारा फिरला तर त्याने दुप्पट परत करायची. पोनिया ती तारीख स्वयंपाकघरात चिकटवून ठेवतात. एके दिवशी त्या एकट्याच कचेरीत येतात, हात पुढे करतात आणि म्हणतात, “यादी द्या. ह्यांची कोटाबरोबर धुतली गेली.”

अशा रीतीने खुरादोबाई प्रवेश करतात. आमच्या नेहमीच्या बाई मूळच्या विल्नियसच्या, आता माद्रिदला असतात. त्यांच्या आवाजात, एखाद्या गोष्टीची दोन गिऱ्हाइकं उभी असली की येतो तो शांतपणा आहे. पोनासांचं आणि त्यांचं फोनवरचं संभाषण लिथुआनियनमध्ये होतं. बाईच नंतर मला त्याचं स्पॅनिश करून सांगतात, आणि त्याचे पैसे घेत नाहीत.

पोनास सुरुवात करतात देशबांधवांच्या सवलतीपासून. बाई म्हणतात, “माझं प्रत्येक गिऱ्हाईक देशबांधवच आहे. सवलत दिली तर पूर्ण दर कोणाला लावू?”

मग शब्दांची मोजणी. लिथुआनियनमध्ये इंग्रजीतल्या ‘द’सारखी उपपदं नाहीत, आणि पुष्कळसं काम विभक्तीचे प्रत्ययच उरकून टाकतात. स्पॅनिशमध्ये प्रत्येक नामामागे एक शेपूट आणि पुढे एक भालदार. साहजिकच पान तेच, पण स्पॅनिशमध्ये शब्द वाढतात. पोनासांनी हे भाचीच्या पहिल्या पानावरून ताडलेलं असतं. ते बजावतात, “मोजायचे ते माझे शब्द. तुमचे नाहीत. तुमच्या भाषेला उधळपट्टीची सवय आहे त्याला मी काय करू?” बाई हे मान्य करतात. मूळ शब्दांवरच त्यांचा दर असतो, पण पोनासांना हा विजय मिळू देण्याइतकं व्यवसायज्ञान त्यांना आहे.

शेवटचा मुद्दा संडासाचा.

“तो वगळला तर?”

“वगळता येत नाही. कागदावर आहे ते सगळं करावं लागतं. मी सही करते.”

“तो पडला. २००९ च्या वादळात.”

“कागदावर उभा आहे.”

“दोन शब्द आहेत.”

“हो. दोन शब्दांचे पैसे होतील.”

पोनासांनी या दोन शब्दांसाठी फोन ठेवून दोन दिवस विचार केला, असं पोनियांनी मला सांगितलं.

मला वाटतं, बाईंनी पैसे खऱ्या अर्थाने कमावले ते मात्र शब्दांत नव्हे, एका टिपेत. पैशांचा माग असा होता : वाडी होती पेत्राउस्किएने यांच्या नावावर. त्यांच्यामागे ती आली पेत्राउस्काइते यांच्याकडे. आणि विकली काझलौस्किएने यांनी. बँकेतल्या मुलाने तिन्ही नावं ओळीने लिहून काढली आणि मला विचारलं, “या तीन बायका कोण? आणि यांचा एकमेकींशी संबंध काय?” त्याच्या देशात बाई लग्नानंतरही आपलं नाव बदलत नाही आणि प्रत्येकाला बापाचं नि आईचं अशी दोन आडनावं असतात. तिकडे लिथुआनियात पेत्राउस्कसची बायको पेत्राउस्किएने, मुलगी पेत्राउस्काइते, आणि तीच मुलगी काझलौस्कसच्या घरी गेली की काझलौस्किएने. म्हणजे तिघींतल्या दोघी एकच. भाचीच्या आणि मोबाइलच्या भाषांतरात या तिघी परक्या बायका एकमेकींना फुकट जमिनी देत होत्या, आणि काळ्या पैशाच्या कायद्याला नेमकी अशीच उदार माणसं हवी असतात. बाईंनी खाली अनुवादकाची टीप म्हणून चार ओळींत पारंपरिक आडनावांची रीत समजावली, लग्नाच्या दाखल्याचा हवाला दिला आणि शिक्का मारला. मुलाने टीप वाचली, पोनियांकडे पाहिलं आणि पहिल्यांदाच ‘सेन्योरा’ म्हणाला.

खरेदीखताच्या दिवशी पोनास नोटरीसाठी शाकोतिस घेऊन येतात. ही तिकडची लग्नसमारंभाची मिठाई. विस्तवापुढे फिरणाऱ्या दांड्यावर अंड्यांचं पीठ ओतत ओतत भाजतात, त्यामुळे तिला चहूबाजूंनी काटे येतात. हातभर उंचीचं हे काटेरी झाड विमानात मांडीवर धरून आणलेलं असतं. नोटरीच्या कचेरीत ते कुठे ठेवावं हे कोणालाच कळत नाही. शेवटी ते शिक्क्यांच्या शेजारी उभं राहतं.

नोटरी पासपोर्ट बघून नेहमीप्रमाणे उद्गारतात, “लिथुआनिया! साबोनिस!” आर्विदास साबोनिस १९८९ मध्ये वयादोलिदला बास्केटबॉल खेळायला आला, पुढे रेआल माद्रिदकडून १९९५ चा युरोपीय करंडक जिंकून गेला, आणि स्पॅनिश माणसाच्या लेखी लिथुआनिया तेव्हा संपला. पोनास मान हलवतात. दिवसभरातलं त्यांचं हे सगळ्यात लांब भाषण. मग नोटरी दुसरं आडनाव विचारतात. नाही म्हटल्यावर त्यांच्या डोळ्यांत कणव दिसते, म्हणजे बिचाऱ्याला आई नव्हती की काय!

खत मोठ्याने वाचायचं असतं. नोटरी ते एका दमात वाचतात, बाई शेजारी बसून लिथुआनियन करत जातात, आणि सगळं सुरळीत चाललेलं असताना पोनास बोट ठेवतात. काझलौस्किएनेच्या शेवटच्या ‘ए’वर टिंब नाही.

कारकुनाने कळफलक वरपासून खालपर्यंत पाहिला. स्पॅनिश कळफलकावर सगळ्या तऱ्हेचे ‘ए’ निघतात, डोक्यावर एकच टिंब असलेला निघत नाही. नोटरी म्हणाले, टिंबाने काय बिघडतं? आता, हे टिंब १६५३ सालच्या दानिएल क्लाइनच्या व्याकरणापासूनचं आहे. झारने १८६४ ते १९०४ अशी चाळीस वर्षं लॅटिन लिपीत लिथुआनियन छापायला बंदी केली, तेव्हा लोकांनी प्रशियाच्या हद्दीतून पुस्तकं पाठीवर लादून, शिपायांच्या गोळ्या चुकवत आणली होती. एवढ्या लांबून आणलेलं टिंब पोनास तोरेव्हिएखात सोडून द्यायला तयार नव्हते. ते नुसते बसून राहिले. त्यांच्याइतकं परिणामकारक बसून राहणं मी दुसऱ्या कोणाचं पाहिलेलं नाही. अखेर कारकुनाने बाईंच्या भाषांतराच्या फाइलमधून ते अक्षर उचलून खतात बसवलं, पानं पुन्हा छापली, आणि सह्या झाल्या. शाकोतिसचे काटे मोडून सगळ्यांनी खाल्ले.

घर मिळालं म्हणजे पोनासांचा आमच्याकडे येण्याचा प्रश्न मिटला, असं मला सुरुवातीला वाटायचं. तसं होत नाही. वर्षाच्या आत ते पुन्हा येतात. रंग तांबूस झालेला, पायात सँडल, फाइल तीच. सोबत पानेव्हेझिसचं एक नवं, पांढरंफटक जोडपं. पोनासांना एव्हाना तीसेक स्पॅनिश शब्द येत असतात. त्यांत ‘उद्या’, ‘इथे सही’ आणि ‘साहेब जेवायला गेलेत’ हे आल्यामुळे इथली बहुतेक कामं भागतात. जोडप्याला ते माझ्यासमोर बसवतात, स्वतः मध्ये खुर्ची घेतात आणि मी काहीही म्हटलं की त्याचं लिथुआनियन करतात. मी एक वाक्य बोललो तर त्यांची तीन होतात. जोडपं भारावून ऐकत असतं.

मी नेहमीप्रमाणे पैशांच्या उगमाचा विषय काढतो आणि मंत्रालयाची यादी पुढे करतो. जोडप्यातले गृहस्थ ती न वाचताच घडी करून खिशात घालतात आणि आदराने पोनासांकडे बघतात.

“बँकेला शिक्का लागतो, पोनास,” मी म्हणतो.

“शिक्क्याचं नंतर बघू,” ते माझ्याकडे झुकून हळूच म्हणतात. “आधी कच्चं भाषांतर मी करून देतो. त्या बाईंच्या निम्म्या दराने.”

“शब्द मोजणार कुठले? लिथुआनियन?”

“छे! स्पॅनिश,” पोनास म्हणाले. “मेहनत त्याला पडते.”